सेविकेची सही पुरे

तीन वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन गोष्ट सांगायची वेळ असते, तेव्हा अंगणवाडी सेविका मोबाईल उंच धरून रेंज शोधत असते. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटासाठी लाभार्थीचा चेहरा ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवर जुळावा लागतो. त्याआधी ई-केवायसी. ओटीपी जातो नवऱ्याच्या फोनवर आणि नवरा असतो वीटभट्टीवर. धडगावच्या नाहीतर धारणीच्या एखाद्या पाड्यावरून गरोदर बाई डोंगर उतरून येते. समोरची सेविका तिला तिच्या लग्नापासून ओळखते. तरी ॲपने ओळखलं नाही, म्हणून पाकीट अडायचं? कोणाच्या पोटाशी खेळतोय आपण?

ॲपआधीचा काळ आठवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाला लागल्या, पुढे १९५७ मध्ये कोसबाडला गेल्या. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नव्हती. कोणाच्या कडेवर धाकटं भावंड, कोणाच्या मागे गुरं. मग त्यांनी बालवाडीच अंगणात नेली आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. बिया, पानं, शिंपले हीच साधनं. मुलाकडे बघून जागेवर निर्णय घेतला, वरून आदेश यायची वाट पाहिली नाही.

आजच्या चांगल्या सेविकेतही ती धमक आहे. मुलाच्या दंडाला पट्टी लावली आणि माप साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, लाल पट्ट्यात गेलं, की ती त्याच दुपारी त्या घरी जाऊन बसते. आई दवाखान्यात न्यायला तयार असते, पण आजी अडून बसते. मग आजीशेजारी बसून, तिच्याच बोलीत, तिला राजी करायचं. हे काम कोणतं ॲप करणार? आणि याची नोंद तरी कुठल्या रकान्यात करायची?

या सेविकेला मिळतं काय? १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्र सरकारने ठरवलेलं मानधन महिना ४,५०० रुपये, मदतनीस ताईंना २,२५०. राज्य त्यात भर घालतं, एवढंच. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मान्य केला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांना त्यासाठी संपावर जावं लागलं. याची लाज मंत्रालयाला वाटायला हवी.

चेहरा जुळला नाही तर सेविकेची सही ग्राह्य धरा आणि पाकीट तिथल्या तिथे द्या. बाकीची माहिती मुलं घरी गेल्यावर भरू द्या, आणि त्या जादा वेळाचे पैसे द्या. हा आदेश याच महिन्यात निघायला हवा.