काका, मला वाचवू नका!

नानांच्या टोपीतून चहा गळत होता.

टोपी तीन टोकांची, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या चित्रांत असते तशी. तिच्या कडेने त्यांनी स्टेपलरने नऊ टीबॅग टाचल्या होत्या आणि बाहेर पाऊस भुरभुरत होता. मोर्च्याहून परतलेले नाना आमच्या दारात उभे होते. एक तपकिरी ओघळ कपाळावरून निघून भुवईशी येऊन थांबला होता. बायको आतून म्हणाली, "आत बोलाव त्यांना. निदान दूध-साखर तरी घालू."

नाना म्हणजे आमचे ओहायोतले शेजारी. खरं नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. २००९ साली अमेरिकेतल्या कुठल्याही उपनगरात डोळे मिटून दगड भिरकावला असता तर तो एखाद्या नानांनाच लागला असता आणि त्यांनी त्याचं खापर ओबामांवर फोडलं असतं. आमच्या घरात त्यांचं बारसं माझ्या आईने केलं. ती तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती. कुंपणापलीकडे हातवारे करून एकटाच बोलणारा तो गोरापान म्हातारा तिने दोन दिवस न्याहाळला आणि म्हणाली, "अगदी आपले नाना!" आमच्या वाड्यातल्या नानांनी नगरपालिकेच्या नळाला तीन वर्षं विरोध केला होता. नळ आला त्या दिवशी पहाटे पहिली घागर त्यांचीच लागली होती.

ओहायोचे नाना एकाहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षं लेथवर उभं राहून निवृत्त झालेले. माझं आडनाव जोशी, म्हणून मी त्यांचा 'जो'. भारतीय म्हणजे डॉक्टर, ही त्यांची पक्की समजूत. मी संगणकाचं काम करतो हे निदान पंधरा वेळा सांगून झालं, पण दर वेळी "बरं बरं" म्हणून ते विजार वर करायचे आणि मला गुडघा दाखवायचे.

हा गुडघा नवा होता. मार्च महिन्यात बदलला होता आणि त्याचे जवळजवळ सगळे पैसे मेडिकेअरने, म्हणजे पासष्टीपुढच्या लोकांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य विम्याने भरले होते. कानातलं यंत्र माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळातलं. तिथे डॉक्टरही सरकारी, नर्सही सरकारी आणि खुर्च्याही. महिन्याच्या महिन्याला खात्यात पडणारं पेन्शन सरकारी. आणि ऑगस्टच्या उकाड्यात सरकारविरुद्ध दीड मैल चालत गेले ते त्याच गुडघ्यावर. गुडघा सरकारचा, पाऊल तेवढं नानांचं.

राग मात्र अस्सल होता. अडचण एवढीच होती, की राग आधी आला आणि कारणं मागून येत राहिली. १९ फेब्रुवारी २००९ ला रिक सँटेली नावाचा एक टीव्ही वार्ताहर शिकागोच्या सट्टाबाजारात उभा राहून कॅमेऱ्यासमोर कडाडला. शेजाऱ्याचं थकलेलं गृहकर्ज आम्ही का फेडायचं, चला, शिकागोत टी पार्टी करू, असा त्याचा सूर होता. नाना पेटले. १५ एप्रिल, म्हणजे प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायची शेवटची तारीख, येईपर्यंत राग गृहकर्जावरून करांवर आला. ऑगस्टमध्ये तो आरोग्य विम्यावर येऊन स्थिरावला. देशात साडेचार कोटींहून जास्त लोकांना कसलाच विमा नव्हता. त्यांना तो मिळावा असा कायदा ओबामा आणू पाहत होते. नानांना त्यात हुकूमशाही दिसली.

बायकोने आलं-वेलदोडा घातलेला चहा पुढे ठेवला. नानांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि अचानक गंभीर झाले. "जो, तुझी एक माफी मागायची आहे. १७७३ साली बोस्टनच्या बंदरात आमच्या लोकांनी तुमचा सगळा चहा समुद्रात फेकला."

"आमचा नव्हता तो. ईस्ट इंडिया कंपनीचा होता, पण माल चीनचा."

"चीनचा?" नानांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. "मग ठीक आहे."

३४२ पेट्या फेकल्या होत्या त्या रात्री. त्यातली गंमत अशी, की त्या वर्षीच्या कायद्याने चहा महाग नव्हे, स्वस्त होणार होता. पण आम्हाला न विचारता आमच्यावर कर लावणारे तुम्ही कोण, असा सवाल होता. तारीख १६ डिसेंबर. मराठी माणसाला १७७३ म्हटलं की दुसरंच काही आठवतं. त्याच वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात 'काका, मला वाचवा' असं ओरडत नारायणराव पेशवे धावत होते. मी नानांना ती गोष्ट सांगितली. त्यांनाही एक काका आहेतच, पांढऱ्या दाढीचे अंकल सॅम, म्हणजे अमेरिकेचं सरकार. पण नानांचं ओरडणं जरा गुंतागुंतीचं. सकाळी गुडघा दुखला की 'काका, मला वाचवा', दुपारी मोर्च्यात 'काका, अंगाला हात लावाल तर खबरदार', आणि रात्री टीव्हीसमोर 'काका, त्या पलीकडच्याला वाचवलंत तर याद राखा'. गोष्ट ऐकून नानांनी विचारलं, "त्या काकाचं पुढे काय झालं?" मी म्हटलं, "इंग्रजांकडे गेला." नाना म्हणाले, "सरकारवर विश्वास ठेवला की असंच होतं."

संसदेतल्या आमच्या प्रतिनिधींनी मतदारांसाठी बोलावलेल्या टाउन हॉल सभेच्या आदल्या संध्याकाळी ते भलामोठा पुठ्ठा घेऊन आले. त्या वर्षीची राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा काव्या शिवशंकर या भारतीय वंशाच्या मुलीने जिंकली होती. तेव्हा स्पेलिंग तपासून घ्यायचं तर जोशांकडेच, हे ओघाने आलं. फलकावरचं स्पेलिंग हा त्या उन्हाळ्यातला नाजूक विषय होता. 'पब्लिक ऑप्शन', म्हणजे सरकारी विम्याचा पर्याय, नको म्हणायला निघालेल्या एका फलकातून 'एल' गळला आणि भलतंच काहीतरी नको असल्याचं जगजाहीर झालं. आमची लेक तेव्हा दहा वर्षांची. तिने लाल पेन्सिल घेतली. नानांच्या फलकाचा आशय होता, 'सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावू नये.' 'गव्हर्नमेंट'मधला मधला 'एन' तिने भरला, कोपऱ्यात दहापैकी सात लिहिलं आणि विचारलं, "पण मेडिकेअर कोणाचं असतं?"

"माझं," नाना म्हणाले.

हसू नका. हेच वाक्य त्या उन्हाळ्यात दक्षिण कॅरोलिनात एका सभेत एका गृहस्थाने बॉब इंग्लिस या रिपब्लिकन प्रतिनिधीला सुनावलं होतं. अहो, मेडिकेअर सरकारच चालवतं, हे इंग्लिस यांनी परोपरीने समजावलं, गृहस्थाला काही ते पटलं नाही. पुढच्या वर्षी पक्षातल्याच उमेदवारीच्या निवडणुकीत इंग्लिस पडले. आणि खरं सांगायचं तर नाना अगदीच हवेत बोलत नव्हते. पगाराच्या प्रत्येक चिठ्ठीतून मेडिकेअरसाठी पैसे कापलेले त्यांनी वर्षानुवर्षं पाहिले होते, आणि नव्या योजनेसाठी मेडिकेअरच्या वाढत्या खर्चाला कात्री लागणार हेही खरं होतं. सर्वसाधारण म्हाताऱ्याला भरल्याहून बरंच जास्त परत मिळतं, ही गोष्ट मात्र त्यांच्या कानात शिरत नसे. मला मिळतं ती माझी कमाई, त्याला मिळते ती खिरापत. आपला तो बाब्या म्हणतात ते याला.

सभेला मीच त्यांना गाडीतून घेऊन गेलो. शाळेचं व्यायामगृह माणसांनी आणि घामाने भरलेलं. कुणाच्या हातात वेटोळं घातलेल्या सापाचा पिवळा झेंडा, 'माझ्यावर पाय देऊ नका' असं बजावणारा. नागपंचमी नुकतीच होऊन गेली होती, माझे हात आपोआप जुळणार होते. नानांच्या मांडीवर विधेयकाची छापील चळत होती. हजारावर पानं, त्यातल्या ४२५ व्या पानावर पिवळी चिठ्ठी. बाकी पानांची घडीही मोडली नव्हती. त्या पानावर म्हाताऱ्यांना मारायची तरतूद आहे, असं त्यांना ईमेलवरून कळलं होतं. रिपब्लिकन नेत्या सारा पेलिनबाईंनी तर फेसबुकवर तिला 'मृत्यूचं मंडळ' असं नाव देऊन टाकलं होतं. मी ते पान वाचलं. शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, याबद्दल रोग्याला आपल्या डॉक्टरशी बोलायचं असेल, तर पाच वर्षांतून एकदा त्या बोलण्याची फी मेडिकेअर देईल, एवढंच तिथे होतं.

"हे तर चांगलं आहे," मी म्हटलं.

"तू डॉक्टर आहेस, तुला चांगलंच वाटणार."

प्रतिनिधी बोलायला उभे राहिले आणि गलका सुरू झाला. नाना उठले, त्यांनी कानामागे बोट नेऊन काहीतरी केलं आणि पुढची चाळीस मिनिटं ते अखंड ओरडत राहिले. घरी परतताना मी विचारलं, "काय म्हणाले हो प्रतिनिधी शेवटी?"

"काय माहीत. मशीन बंद केलं होतं. फार आवाज होता तिथे."

सप्टेंबरच्या ९ तारखेला ओबामा संसदेत भाषण करत असताना जो विल्सन नावाचे प्रतिनिधी भर सभागृहात 'तुम्ही खोटं बोलताय' असं ओरडले. नानांनी कुंपणावरून माझं अभिनंदन केलं, नावबंधू म्हणून.

त्याच महिन्यात आईच्या पोटात रात्री कळा आल्या. इस्पितळात चार तास, एक सलाईन, दोन तपासण्या, निदान अपचन. बिल आलं चार हजार दोनशे डॉलरचं. तिचा प्रवासी विमा होता, पण विमा कंपनीने कळवलं, की साठीपुढच्या माणसाचं पोट हे जुनं दुखणं आहे. मी ते बिल हातात धरून पायरीवर बसलो होतो. नाना आले. चष्मा लावून त्यांनी एकेक ओळ वाचली. एका डोकेदुखीच्या गोळीचे अठरा डॉलर लावले होते, तिथे त्यांचं बोट थांबलं. मान लाल होत गेली. मी त्यांना मोर्च्यातही इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"लुटारू! भर दिवसा दरोडा! एका म्हाताऱ्या बाईला? याच्यावर सरकारने काहीतरी..."

आणि ते थांबले. शेजारच्या घरातला गवत कापायचा आवाज तेवढा येत राहिला. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"...काहीही करू नये," ते म्हणाले, आणि गुडघा सांभाळत घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईसाठी बागेतले टोमॅटो पाठवले, चांगले पाच-सहा किलो.

त्यांच्या तळघरात एक जुनी रेकॉर्ड आहे. १९६१ सालची, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रेगन यांच्या आवाजातली. डॉक्टरांच्या संघटनेने ती काढली होती. डॉक्टरांच्या बायका मैत्रिणींना कॉफीला बोलावून ती ऐकवत, मोहिमेचं नावच होतं 'ऑपरेशन कॉफी कप'. तेव्हा कॉफी, आता चहा. या देशात सरकारी औषधाला विरोध करायला काहीतरी गरम लागतंच. सरकारी विम्याचा हा कायदा आला तर स्वातंत्र्य गेलंच म्हणून समजा, असा तिचा एकूण भाव. नानांनी मला ती भक्तिभावाने ऐकवली. ज्या बेताविरुद्ध ती होती, त्याचं पुढे १९६५ साली जे झालं त्याचं नाव मेडिकेअर. हे मी सांगितलं तेव्हा नाना सुई उचलून म्हणाले, "दुसरी बाजू ऐकू."

कायदा झालाच. कनिष्ठ सभागृहात २१९ विरुद्ध २१२ आणि २३ मार्च २०१० ला ओबामांची सही. ४२५ व्या पानाचा मजकूर आधीच गाळला होता. नानांनी आठवडाभर झेंडा अर्ध्यावर ठेवला. त्याच वर्षी त्यांना पोस्टाने २५० डॉलरचा चेक आला. मेडिकेअरच्या औषधांच्या विम्यात मधेच एक रिकामी जागा होती, जिथे सगळा खर्च रोग्याच्या खिशातून व्हायचा. इथे तिला डोनटचं भोक म्हणत, आपण मेदूवड्याचं म्हणू. नव्या कायद्याने ते बुजवायला घेतलं होतं, त्याचा हा पहिला हप्ता. नाना चेक नाचवत आले. "बघ, जो! ओबामाने एवढा घोळ घातला तरी मेडिकेअर माझी आठवण ठेवतं."

मी काही बोललो नाही. कुंपण सामाईक आहे.

त्यांची मुलगी एका हॉटेलात वाढपाचं काम करते. लहानपणापासून मधुमेह, म्हणून तिला कुठलीच कंपनी विम्याला उभी करत नव्हती. २०१४ पासून जुन्या दुखण्यावरून नाकारायला बंदी आली आणि तिला विमा मिळाला. नानांनी तिला बजावलं होतं, "काय वाटेल ते घे, पण ते ओबामाकेअर घेऊ नकोस." तिने त्यांना कार्ड दाखवलं. त्यावर कंपनीचं नाव होतं, ओबामांचं कुठेच नव्हतं. नाना निश्चिंत झाले. यात त्यांना एकट्याला कशाला हसायचं? २०१७ च्या एका पाहणीत तीनांपैकी सुमारे एका अमेरिकनाला ठाऊक नव्हतं, की ओबामाकेअर आणि अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट हा एकच कायदा आहे.

त्याच २०१७ च्या फेब्रुवारीत पुन्हा टाउन हॉल सभा भरू लागल्या. आता नव्या राजवटीत कायदा मोडीत काढायचं चाललं होतं आणि या वेळी लोक रिपब्लिकन प्रतिनिधींवर ओरडत होते. एका संध्याकाळी बेल वाजली. नाना, वय एकोणऐंशी, काखेत पुठ्ठा. तोच पुठ्ठा, कोपऱ्यातले लाल सात अजून दिसत होते. 'मेडिकेअर' या शब्दावर पांढरा रंग फासून वर नवीन काहीतरी लिहिलं होतं.

"ओबामाकेअर खुशाल घालवा म्हणावं," ते म्हणाले, "पण पोरीच्या अफोर्डेबल केअरला हात लावाल तर याद राखा. तुझी मुलगी आहे का घरात?"

लेक आता अठरा वर्षांची. ती जिन्यावरून खाली आली, फलक दिव्याखाली धरला, आणि पेन शोधायला लागली.

"नाना, 'अफोर्डेबल'ला दोन 'एफ' असतात."