एमबीपीएस वाढवून आवाज सुधारत नाही

ऑफिसात दहाबारा जण एकदम वाय-फायवरून बोलायला लागले की आवाज तुटतो. तक्रार झाली की ठरलेला इलाज: १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० वर न्या. बिल वाढतं, आवाज तसाच तुटतो. हा पैसा चुकीच्या जागी जातोय.

बोलण्याला वेग लागतोच किती? आवाजाचं डिजिटल रूपांतर करणाऱ्या नेहमीच्या जी.७११ कोडेकला एका बाजूने ६४ केबीपीएस. त्या हिशेबाने जुन्या ८०२.११बी वाय-फायच्या ११ एमबीपीएसमध्ये ८५ कॉल बसायला हवे होते. बसायचे जेमतेम दहा-अकरा. आवाज दर २० मिलिसेकंदांना एका पॅकेटात भरून निघतो, म्हणजे दोन्ही बाजू धरून एका कॉलची सेकंदाला १०० पॅकेटं. पॅकेटातला आवाज १६० बाइटचा, तो हवेतून जायला ११६ मायक्रोसेकंद पुरतात. पण आधी चॅनेल मोकळा आहे का ते बघा, पाळीसाठी थांबा, हेडर जोडा, मग पोच येऊ द्या. सगळं मिळून ९०० च्या घरात! नवी उपकरणं कितीतरी वेगवान आहेत, पण पाळीची ही भानगड सुटलेली नाही.

त्यात ॲक्सेस पॉइंटवर, म्हणजे वाय-फाय देणाऱ्या डब्यावर, अन्याय. प्रत्येक फोन फक्त आपलं बोलणं पाठवतो. ॲक्सेस पॉइंटला सगळ्यांसाठी पलीकडचं बोलणं आणून द्यायचं असतं. तरी पाळी त्याला इतरांइतकीच. म्हणून तुमचं समोरच्याला नीट ऐकू जातं आणि त्याचं तुम्हाला तुटक येतं. शिवाय लिफ्टच्या भिंतीआड बसलेल्या एखाद्याचा फोन १ एमबीपीएसवर घसरला, की त्याचं १५०० बाइटचं एकच पॅकेट १२ मिलिसेकंद हवा अडवून धरतं.

इलाज आहेत आणि ते महागही नाहीत. आवाजाला आधी वाट देणारं ८०२.११ई हे मानक २००५ मध्येच आलं. राउटरच्या सेटिंगमध्ये ते डब्ल्यूएमएम नावाने असतं. ते चालू ठेवा. फोनने पॅकेटवर मारलेली प्राधान्याची खूण मधला स्विच पुसत नाही ना, हे तपासून घ्या. १ आणि २ एमबीपीएसचे दर बंद करा, कॉल ५ गिगाहर्ट्झवर न्या. नवीन घेणारच असाल तर वाय-फाय ६ घ्या. त्यात एकाच पाळीत अनेक फोनांची छोटी पॅकेटं जाऊ शकतात.

एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू केलं. रेंज नसलेल्या तळघरातून दवाखान्याला लावलेला फोनही आता याच वाटेने जातो. तेव्हा कोटेशन मागवताना एमबीपीएसवर थांबू नका. डाउनलोड चालू असताना एका ॲक्सेस पॉइंटवर एकाच वेळी किती कॉल चालतील, हा आकडा लेखी मागा. तो मिळेपर्यंत ऑर्डरवर सही करू नका.