बंडखोरी मिळेल, जीएसटी वेगळा

सध्या नांदुऱ्यात कुणालाच धंदा करायचा नाही, सगळ्यांना बंड करायचं आहे. मोबाइलमधल्या कोटवाल्या माणसानं तसं सांगितलंय. कळपात शिरू नका, स्वतःचे नियम स्वतः बनवा, म्हणतो. हे ऐकवणारी शिबिरं आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहेत. फी आगाऊ. ‘मी वेगळा आहे’ असं सगळ्यांनी एका सुरात तीनदा म्हणायचं, मग शेजाऱ्याला टाळी द्यायची.

तिथून बाहेर पडलेला बंडखोर सगळ्यात आधी चहाच्या फ्रँचायझीची चौकशी करतो. पाटीचा रंग कंपनीचा, मसाला कंपनीचा, कप कंपनीचा, भावही कंपनीचा. पोराचं स्वतःचं काय? कर्ज. ते मात्र अस्सल त्याच्याच नावावर. एकाचं चाललं की शेजारी दुसरा, समोर तिसरा. बापानं शेजाऱ्याचं बघून सोयाबीन पेरलं म्हणून हसणारं हेच पोरगं. बापाला निदान हमीभावासाठी ओरडता तरी येतं!

हायवेला 105 फूट उंच हनुमान आहे, म्हणून येणारेजाणारे आमच्याकडे गाडी थांबवतात. त्यातून आमच्या व्यापाऱ्यांनी एकच धडा घेतला : फ्लेक्स मोठा लावायचा.

खरं उदाहरण बघायला कोटवाल्याची गरज नाही. नांदुऱ्याहून रेल्वेत बसा, जलंब गेलं की शेगाव. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी 1950 च्या आसपास तिथल्या स्टेशनवर कचोरी तळायला घेतली. भाकरी-ठेच्याच्या मुलखात कचोरी! त्यांना कुणी ‘चौकटीबाहेर विचार करा’ असं सांगितल्याचं ऐकिवात नाही. माणूस चौकटीबाहेरच येऊन पडला होता, पोट भरायचं होतं. कचोरी चालली. आता मुंबई-पुण्यापर्यंत ‘शेगाव कचोरी’च्या पाट्या दिसतात, आणि जो तो म्हणतो, ओरिजिनल आमचीच. एकानं वेगळं करायचं आणि बाकीच्यांनी ते सारखं करून ‘ओरिजिनल’ म्हणायचं, ही आपल्याकडची उद्योजकता. बँकेला ती समजते, कारण शेजारच्याला तेच कर्ज आधीच दिलेलं असतं.

स्वतःच्या नियमानं चालणारं दुकान म्हटलं की लोक पुण्याच्या चितळ्यांचं नाव घेतात. दुपारी 1 ते 4 बंद. गिऱ्हाईक उन्हात उभं, बाकरवडी आत गार. या एका नियमावर महाराष्ट्रानं जेवढे विनोद केले, तेवढी जाहिरात पैसे देऊन झाली नसती. मग 2017 च्या जुलैत चितळ्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायला घेतलं. त्याच महिन्यात देशात जीएसटी आला. पुण्याला जास्त धक्का कशाचा बसला, हे सांगायला नको.

आम्हा वऱ्हाड्यांना या कौतुकाचं नवल वाटतं. आमच्याकडे मे महिन्यात 1 ते 4 सूर्यच शटर ओढतो. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. पण आम्ही त्याला परंपरा म्हटलं नाही, ब्रँड म्हटलं नाही. झोप म्हटलं. तिथंच वऱ्हाड मागं पडलं.

आता बाजारपेठेतले एक किराणावाले काका घ्या. तूरडाळ मागितली तर म्हणतात, ‘‘या खेपेची बराबर नाही, नेऊ नको, दुसरीकडून घे.’’ होम डिलिव्हरी नाही, एकावर एक फुकट नाही, दिवाळीची स्कीम नाही. दुपारी गल्ल्यावर पंचा टाकून घोरतात. गाव म्हणतं, बुढ्याचं डोकं सरकलं. पोरगा म्हणतो, बाबाले मार्केटिंग समजत नाही. काकांना कुठल्या व्यासपीठावर कुणी बोलावलेलं नाही, कारण त्यांच्या यशाचा ग्राफ काढला तर तो जमिनीला समांतर निघेल.

त्यांच्याकडे शिबिरवाली पोरं पावतीपुस्तक घेऊन आली.

‘‘काका, शिबिर हाय. विषय, आपल्या नियमानं धंदा करा. व्यापाऱ्यांसाठी अकराशे रुपये.’’

काकांनी चष्मा वर केला. ‘‘अकराशेच काहून?’’

‘‘सगळ्यांले तेवढेच हायेत, काका.’’

‘‘अन् मी माह्या नियमानं पन्नास देल्ले तर?’’

पोरांनी वर फोन लावून विचारलं. वरून उत्तर आलं की, तसं नियमात बसत नाही.

‘‘बरं,’’ काका म्हणाले, ‘‘मंग चहा तरी पिऊन जा. घरचा हाय.’’

पोरं थांबली नाहीत. त्यांना समोरच्या फ्रँचायझीत चहाचं कूपन होतं.