संकल्पाचे तीन मुहूर्त

बचतीचा संकल्प मोडायला आपल्याला वर्षातून तीन मुहूर्त मिळतात: १ जानेवारी, गुढीपाडवा आणि १ एप्रिल. सहा महिन्यांचा घरखर्च अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा, असं सल्लागार सांगतात. इथे वीस तारीख गाठतानाच दम लागतो. पाडव्याला योजलेली गंगाजळी अक्षय्य तृतीयेला सोनाराकडे जाते (तीही गुंतवणूकच, असं घरात ठरलेलं असतं). उरलेली जूनमध्ये शाळेची फी गिळते. मग मार्चमध्ये कराच्या धास्तीने जाग येते. दीड लाखांपर्यंतची वजावट, घ्या एखादी पॉलिसी! नव्या करप्रणालीत तर ती वजावटही नाही. बचतीचं एकमेव कारणच सरकारने काढून घेतलं. तेव्हा या मार्चला निदान विमा एजंटाचा फोन तरी उचलू नका.