शुद्ध, सात्त्विक आणि साडेतीनशे रुपये

कामठ्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या चैनीत लोळत होती, हे आता उघडकीला आलं आहे. तांदूळ धुतलेलं पाणी शहरात आता शोभिवंत बाटलीतून विकतात. इथे ते रोज सकाळी म्हशीच्या घमेल्यात जात होतं. चुलीतल्या कोळशाने दात घासून लोक तो खुशाल थुंकून टाकत. वेलीवर वाळलेलं घोसाळं आज 'नॅचरल लूफा' होऊन खोक्यात बसतं. इथल्या बायका त्याने कढया घासत. एवढी उधळपट्टी कुठल्या जमीनदारानेही केली नसेल, आणि कामठा तर जमीनदारीचंच गाव.

कामठा म्हणजे गोंदिया तालुक्यातलं. नागपूरशेजारची छावणीची कामठी वेगळी. पत्ता नीट वाचला नाही तर पार्सल तिकडे जातं. १८१८ साली इथल्या चिमणा पटेलाने नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने कंपनी सरकारविरुद्ध बंड पुकारलं होतं. आता गावाची ओळख लहरी बाबांच्या आश्रमामुळे आणि भोवतालच्या धानामुळे. ती कंपनी गेली. हल्लीच्या कंपन्या फौजफाटा आणत नाहीत, साबणाची वडी पाठवतात.

अशीच एक वडी परवा एका घरी आली. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने आईसाठी मागवलेली. तपकिरी कागद, वर सुतळीची गाठ, सुतळीत खोचलेलं एक वाळकं पान. कागदावर छापलं होतं: 'मोहा बटर, आफ्रिकन शिया बटर, राइस वॉटर, ॲक्टिव्हेटेड चारकोल. हस्तनिर्मित. शंभर टक्के नैसर्गिक. केमिकल-फ्री.' वजन १०० ग्रॅम, किंमत ३४९ रुपये. नातवाने मोठ्याने वाचून दाखवलं. आजीने वडी नाकाशी नेली, नखाने कोपरा खरवडला, बोटावर चोळून पाहिला आणि म्हणाली, "हे तं टोळीचं तेल होय ना जी! येच्यासाठी साडेतीनशे कायले?"

नातवाने समजावलं, "आजी, हे ऑरगॅनिक आहे."

"मंग आपलं काय प्लास्टिकचं होतं बाप्पा?"

या प्रश्नाला त्या कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राकडेही उत्तर नसावं.

टोळी म्हणजे मोहाची बी. फुलं मार्च-एप्रिलमध्ये पडतात, पहाटे उठून वेचावी लागतात, आणि त्यांची कीर्ती सगळ्यांना ठाऊक आहे. बी मात्र पावसाच्या तोंडावर येते, रोवणीच्या आधी, घरात पैसा नसतो नेमका तेव्हा. फोडायची, वाळवायची, घाण्यावर न्यायची. तेल पिवळट, थंडीत तुपासारखं थिजणारं, वासाला उग्र. झाडीपट्टीत ते दिव्यात जळलं, भाजीत पडलं, भेगाळलेल्या टाचांत मुरलं आणि बैलाच्या खांद्यालाही लागलं. साबण कारखान्यांनाही ते जुनंच ठाऊक आहे. ट्रकच्या ट्रक बी त्यांच्याकडे जात आली, फक्त वेष्टनावर तिचं नाव येत नसे. आता नाव आलं, आणि नाव येताच भाव आला. भाव कोणाला आला, ते पुढे पाहू.

मोहाच्या नावाने एक भीती उगाच आहे, ती आधी काढून टाकतो. दारू फुलाची होते, साबण बीच्या तेलाचा. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी तिथे हा साबण लावून आंघोळ करायला हरकत नाही. अंगाला वास येतोय म्हणून कोणी संशय घेतलाच, तर पावती दाखवावी. साडेतीनशेची पावती पाहून संशय घेणारा स्वतःच खाली बसेल.

आता हिशेब. केंद्र सरकारने २०२० साली गौण वनोपजाचे हमीभाव वाढवले, तेव्हा मोहाच्या बीचा भाव किलोला २९ रुपये ठरला. हमीभाव हा कागदावरचा भाव. बाजारात व्यापाऱ्याचा काटा आणि त्याचा मूड यांवर जे काय ठरेल ते ठरतं. तरी आपण कागदाचाच धरू, कोणी म्हणायला नको की सदर लिहिणाऱ्याने व्यापाऱ्यांची बदनामी केली. साधारण तीन किलो टोळीतून किलोभर तेल निघतं. १०० ग्रॅमच्या वडीत सत्तरेक ग्रॅम तेलं असतात. त्यात मोहाचं दहा टक्के धरलं, म्हणजे सात ग्रॅम. सात ग्रॅम तेलाला एकवीस ग्रॅम बी. किंमत साठ पैसे.

म्हणजे ३४९ रुपयांतून जंगलात वाकलेल्या बाईच्या वाट्याला पूर्ण हमीभावाने साठ पैसे. सुतळी बहुधा याहून महाग पडली असेल. उरलेल्या ३४८ रुपये ४० पैशांत खोबरेल आलं, कारागिराचं काम आलं, कागद आला, भाडं आलं, वेबसाइट आली, वडी ओंजळीत धरून मिटल्या डोळ्यांनी हसणाऱ्या मुलीचा फोटो आला आणि 'आदिवासी भगिनींच्या सक्षमीकरणासाठी' ही ओळ आली. ती ओळ फुकट येते.

आणि शिया बटर? ते पश्चिम आफ्रिकेतून येतं, घाना, बुर्किना फासो वगैरे देशांतून. तिथेही बायकाच सकाळी रानात जाऊन बिया वेचतात आणि भाव तिसऱ्याच खंडात ठरतो. गंमत अशी की शियाचं झाड आणि आपला मोह ही एकाच कुळातली झाडं. चिकूही त्याच कुळातला. म्हणजे आपण चुलत भावाला जहाजाने बोलावून पाहुणचार करतो आणि सख्ख्याला म्हणतो, तू गोठ्यात झोप. कोकणवाल्यांचं दुःख वेगळं नाही. त्यांच्या आज्या कोकमाच्या बीचं भिरंडेल टाचांना चोळत आल्या. तेच आता 'कोकम बटर' म्हणून त्यांच्याच सुनांना विकलं जातं, आणि सुना ते आवडीने घेतात, कारण सासूने दिलेलं फुकटचं होतं.

हे सगळं एकवेळ माफ. व्यापारात नावाचे पैसे लागतातच. माझं भांडण 'केमिकल-फ्री' या शब्दाशी आहे.

साबण कसा होतो हे गोंदियाच्या कुठल्याही शाळेतला दहावीचा मुलगा सांगेल: तेल अधिक कॉस्टिक सोडा, त्यातून साबण आणि ग्लिसरीन. क्षाराशिवाय दुसरा मार्ग नाही. एक किलो खोबरेल तेलाचा साबण करायला १८३ ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक सोडा लागतो, मोहाच्या तेलाला सुमारे १३५ ग्रॅम. हातमोजे घालून, चष्मा लावून, सोडा पाण्यात टाकायचा (पाणी सोड्यावर ओतायचं नाही, उसळून तोंडावर येतं), मग ते द्रावण तेलात घालून घोटायचं, साच्यात ओतायचं आणि चार ते सहा आठवडे वडी सुकू द्यायची. प्रमाण बरोबर असेल तर तयार वडीत मोकळा सोडा राहत नाही. तो तेलाशी जुळून साबण झालेला असतो. लपवण्यासारखं यात काहीच नाही. पण वेष्टनावर 'कॉस्टिक सोडा' छापला की ग्राहकाला संडास साफ करायची पावडर आठवते. म्हणून तो गायब होतो. मग वडीत उरतं काय? मोहा बटर, शिया बटर, तांदळाचं पाणी, कोळसा. हे चारही एका भांड्यात कितीही प्रेमाने ढवळले तरी साबण होत नाही. काळी पेज होते.

'त्वचेच्या नैसर्गिक पीएचला अनुकूल, ५.५' असंही काही वड्यांवर असतं. तेल-सोड्याच्या खऱ्या साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो. साडेपाचपर्यंत उतरवला तर त्या साबणाचा साबणपणाच जातो. पण छापायला शाई एकसारखीच लागते.

'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' हे ब्रीद ज्यांनी काढलं, त्यांनी एकदा आमच्या जिल्ह्यातल्या तलावांवर यावं. तेल काढून झाल्यावर उरलेली मोहाची ढेप मत्स्यशेतीवाले बीज सोडण्याआधी तळ्यात टाकतात. तिच्यातल्या सॅपोनिनमुळे नको असलेले मासे पोटं वर करून तरंगतात. हीच ढेप कुटून पूर्वी बायका केस धुवत, कारण सॅपोनिनला फेस येतो. रिठ्यातही तेच. फेस आणि मासेमारी, दोन्ही शंभर टक्के नैसर्गिक. तेवढ्यानेही कोणाची निसर्गभक्ती ढळली नाही तर आमच्या रानात बिब्बा आहे. कसलंही रसायन न घातलेला, हाताने वेचलेला. त्याचा चीक धोबी कपड्यांवर खुणा करायला वापरत, कितीही धुतलं तरी खूण जात नसे. कातडीवर लागला तर फोड उठतात. 'बिब्बा ग्लो' अशी वडी अजून बाजारात कशी आली नाही, याचं मला खरोखर नवल वाटतं. परिणाम पहिल्याच आंघोळीत दिसेल, आणि टिकाऊही असेल.

आता हस्तनिर्मितीचं बघू. हल्ली खेड्यापाड्यांतल्या बचत गटांना साबणाचं प्रशिक्षण मिळतं. बायका तळहातावर पोट असलेल्या, शिकायला उत्सुक. प्रशिक्षक गाडीतून उतरतात, पिशवीतून तयार सोप बेसचा पांढरा ठोकळा काढतात. तो कुठल्याशा कारखान्यात झालेला. सुरीने तुकडे करायचे, उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवायचे, चमचाभर हळद नाहीतर कडुनिंबाची पूड, चार थेंब वास, गुलाबाच्या आकाराचा सिलिकॉनचा साचा. तासाभरात हस्तनिर्मित नैसर्गिक साबण तयार. हात बाईचेच असतात, एवढं खरं. बाहेर अंगणात टोळी वाळत पडलेली. तिच्याकडे कोणी पाहत नाही, कारण तिचा ठोकळा मिळत नाही.

मग त्या वड्या प्रदर्शनात जातात. मुंबईच्या 'सरस' प्रदर्शनात एखादी बाई स्टॉलवर उभी राहते, समोर गॉगल डोक्यावर चढवलेल्या ताई येतात आणि विचारतात, "हे ऑथेंटिक आहे ना? ट्रायबल आहे ना?" ती बाई पोवार नाहीतर लोधी, आदिवासी नव्हेच, ती काय सांगणार? ती म्हणते, "हो ताई." चाळीसची वडी तीसला मागून, दोन घेऊन, पिशवी फुकट घेऊन ताई पुढे जातात आणि पुढच्या चकचकीत दुकानात घासाघीस न करता साडेतीनशे मोजतात.

कायदा नाही, असं नाही. अंघोळीचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो, तो विकायला बनवायचा तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली परवाना लागतो. प्रशिक्षणात हे सहसा शेवटच्या दिवशी, समूहफोटो झाल्यावर सांगतात. 'नैसर्गिक', 'ऑरगॅनिक', 'शुद्ध' असे शब्द पर्यावरणाच्या नावाने पुराव्याशिवाय मिरवू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढली. ती बहुधा वाळक्या पानावर छापली असावीत. सुतळीत खोचलेली असतात, वाचत कोणी नाही.

आणि कारखान्यातली वडी फार सोवळी, असंही कोणी समजू नये. वेष्टनावर बारीक अक्षरात टीएफएम नावाचा आकडा असतो, म्हणजे साबणात तेलाचा ऐवज किती. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये तो किमान ७६ टक्के हवा. 'बेदिंग बार' लिहिलेल्या वडीला ४० टक्केही चालतो. केशर, बदाम, चंदन, सिनेतारका सगळं दर्शनी बाजूला. आकडा घडीच्या आत, जिथे डिंक लागतो तिथे. चंदनाच्या वडीत चंदन किती असतं हे मी विचारत नाही. काही प्रश्न देवळात आणि न्हाणीघरात विचारायचे नसतात.

ज्यांना कॉस्टिक सोड्याचं नावही नको, त्यांच्यासाठी सोय आहे. रिठा घ्या. रात्री भिजत घाला, सकाळी चोळा, गाळा. वाळक्या रिठ्याचा हमीभाव २०२० च्या त्याच यादीत किलोला १४ रुपये होता. डोळ्यांत गेला तर झोंबेल, पण नैसर्गिकरीत्या झोंबेल. लग्नाच्या घरी चिकसा लावतात तो तर अजून वापरात आहे: हळद, पीठ, तेल. त्याला कोणी ब्रँड अँबेसेडर लागला नाही, आत्या आणि मावशी पुरतात.

आता साबण कंपन्यांना एक विनंती. मोहाचा साबण काढा, जरूर काढा. तेल चांगलं आहे, त्वचेला मऊपणा देतं आणि आमच्याकडे झाडं भरपूर आहेत. वडीवर 'कॉस्टिक सोडा वापरला आहे' असं सरळ छापा, ग्राहक मरत नाही. आणि एमआरपीच्या शेजारी, तेवढ्याच टायपात, टोळी कोणत्या भावाने घेतली तेही छापा. दोन आकडे शेजारी शेजारी. टोळी जूनमध्ये पडते. गोंदिया स्टेशनला उतरा, कामठ्याचा रस्ता कोणीही दाखवेल.