एकांताचा रिटेक

पहाटेचं धुकं, जरासुद्धा न हलणारं तळं आणि त्यावरून लांब लांब जाणारी एक लाल होडी. होडीत एकच माणूस, पाठमोरा. वल्हं पाण्यात जातं, वर येतं, पात्यावरून चार थेंब गळतात. होडी लहान होत होत धुक्यात दिसेनाशी होते. बघणारा उसासा टाकतो, काय हा एकांत! मला मात्र दर वेळी एकच काळजी लागते. किनाऱ्यावर राहिलेला कॅमेरा न्यायला आता कोण येणार?

तोच येणार. धुक्यात शिरल्यावर तो माणूस होडी वळवतो, परत वल्हवत काठाला येतो, शेवाळलेल्या खडकावर बेताने पाय ठेवतो, ट्रायपॉडचे पाय मिटतो आणि नुकताच ज्या धुक्यात विलीन झाला होता त्यात पुन्हा शिरतो. या वेळी विलीन होण्याची घाई नसते, कारण बघायला कोणी नसतं.

या होडीला कनू म्हणतात. दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात लोक कनूत तंबू, शिधा, कुऱ्हाड घालून रानातल्या तळ्यांवर राहायला जातात. अलीकडे त्यातले बरेचजण कॅमेराही घालतात. पुण्यात आमच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ रोज जेवण झालं की टीव्हीवर हेच लावून बसतात. तासभर ताडपत्रीवर पाऊस पडतो. एक दाढीवाला चहा उकळतो आणि पितो. कोणी कोणाशी बोलत नाही. गृहस्थ म्हणतात, मन शांत होतं. खडकवासल्याला पाण्यात पाय बुडवल्यावर लगेच टॉवेल मागणारा हा माणूस, पण त्या दाढीवाल्याने ओली लाकडं पेटवायला घेतली की खुर्चीच्या कडेला येऊन त्याला सूचना देतो.

मला यातलं इतकं कळतं, कारण मी या उद्योगाच्या मागच्या बाजूला राहून आले आहे. बहीण कॅनडात, मिसिसागाला असते. तिच्या मुलाला हा नाद आहे. गेल्या सप्टेंबरात तिच्याकडे गेले तेव्हा तो म्हणाला, "मावशी, तू चल माझ्याबरोबर, मला एक सोलो ट्रिप शूट करायची आहे." या वाक्यातली अडचण मला लगेच दिसली, त्याला दिसली नाही.

आम्ही गेलो अल्गाँक्विनला. टोरोंटोहून गाडीने तीनेक तास. 1893 साली राखलेलं हे उद्यान साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे, त्यात शेकड्यांनी तळी आणि तळ्यांना जोडणाऱ्या कनूच्या वाटा 2,000 किलोमीटरहून जास्त. एका तळ्यातून दुसऱ्यात जायला पाणी नसेल तिथे होडी डोक्यावर घेऊन जमिनीवरून चालायचं. याला पोर्टेज म्हणतात. वाटेच्या तोंडाशी पिवळी पाटी असते आणि तिच्यावर अंतर मीटरमध्ये लिहिलेलं असतं, बहुधा ते कमी वाटावं म्हणून.

पोर्टेजचं गणित असं. सामान एका खेपेत जात नाही. पहिल्या खेपेला पिशव्या न्यायच्या, रिकाम्या हाताने परत यायचं, मग कनू उचलायची. म्हणजे 2 किलोमीटरची वाट 6 किलोमीटरची झाली. केव्हलार या हलक्या कृत्रिम धाग्याची कनू 20 किलोच्या आसपास भरते. जुन्या पद्धतीची, लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणलेली, तिशीच्या पुढे जाते आणि पाणी प्यायली की आणखी जड होते. हे झालं साध्या माणसाचं. चित्रीकरण करणारा आधी पुढे जाऊन झाडाआड कॅमेरा लावतो, परत येतो, कनू खांद्यावर घेतो, कॅमेऱ्याकडे न बघता त्याच्यासमोरून जातो, वळणापलीकडे कनू उतरवतो आणि कॅमेरा न्यायला मागे येतो. न बघणं हे यातलं खरं कौशल्य आहे. भाच्याचे डोळे ऐन वेळी कॅमेऱ्याकडे वळतच. मग लग्नात फोटोग्राफर हार पुन्हा घालायला लावतो तसं सगळं पहिल्यापासून.

माझी नेमणूक मुख्यतः तळ्यावरच्या दृश्यांसाठी होती. एका खडकाळ टोकावर त्याने मला कॅमेऱ्यासकट उतरवलं. दोघांच्या कनूतला एकजण उतरला की पुढचं टोक हवेत उचललं जातं आणि वारा होडीला वाटेल तिकडे फिरवतो. म्हणून एकटा वल्हवणारा तोंड फिरवून पुढच्या बैठकीवर उलटा बसतो, म्हणजे होडीच्या मध्याकडे सरकतो, आणि रिकाम्या टोकाला वजन ठेवतो. त्याने तिथे माझ्याऐवजी शिध्याची पिशवी ठेवली. ती थोडी हलकी पडली म्हणून वर एक धोंडा ठेवला. मग मला म्हणाला, "मावशी, तू त्या खडकाच्या मागे वाक. तुझी सावली येतेय. मी एकटा दिसलो पाहिजे."

मी वाकले. गुडघे माझे, एकांत त्याचा. कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनला वाऱ्याचा आवाज लागू नये म्हणून केसाळ टोपडं घातलेलं होतं. त्याच्याइतकं गरम कपड्यात कोणीच नव्हतं. भाचा वल्हवत निघाला, लांब गेला, टोकाला वळसा घालून दिसेनासा झाला, आणि ठरल्याप्रमाणे लगेच परत आला नाही. पलीकडे प्रकाश चांगला होता म्हणे. शिध्याची पिशवी त्याच्याकडे, होडी त्याच्याकडे. माझ्याकडे टोपडं घातलेला मायक्रोफोन आणि अल्गाँक्विनमध्ये अस्वलं असतात ही माहिती. त्या वेळात मी जेवढी एकटी होते तेवढा तो अख्ख्या सहलीत कधीच नव्हता, पण ते टिपायला कॅमेऱ्याचं तोंड माझ्याकडे नव्हतं.

या साऱ्याचा मूळपुरुष म्हणजे बिल मेसन. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी त्याने कनूवर चित्रपट केले. 1977 मध्ये 'पाथ ऑफ द पॅडल', पुढच्या वर्षी बायकामुलांना घेऊन 'साँग ऑफ द पॅडल', आणि 1984 मध्ये 'वॉटरवॉकर'. त्याची लाल कनू इतकी गाजली की आजही या विषयावरच्या निम्म्या चित्रफितींत होडी लाल दिसते. भाच्याचीही लालच. 'वॉटरवॉकर'मध्ये मेसन सुपीरियर सरोवराच्या काठाने हिंडतो, चित्रं काढतो, पडद्यावर एकटा. पण मला आता सवय लागली आहे. कॅमेरा त्याच्या मागोमाग वळला की मी मनात म्हणते, ट्रायपॉड आपण होऊन मान वळवत नाही. केन बक नावाचा त्याचा सहकारी त्याच्या कितीतरी चित्रपटांत कॅमेऱ्यामागे असायचा. तोही कधीतरी खडकामागे वाकला असणार.

त्या काळी हे काम सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर चाले. 400 फुटी रीळ 11 मिनिटांत संपायचं आणि पाण्यात पडलं तर कायमचं संपायचं. आज नखाएवढ्या कार्डावर तासन्‌तास मावतात, म्हणून लोक तासन्‌तास घेतात. मेसनच्या नटांपैकी मला सगळ्यात आवडतो तो 1966 च्या 'पॅडल टू द सी'मधला. लाकडात कोरलेला, लाकडी कनूत बसलेला छोटासा माणूस उत्तरेच्या बर्फातून निघून पंचमहासरोवरांमधून समुद्रापर्यंत जातो. या चित्रपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. नट एकदाही कॅमेऱ्याकडे बघत नाही.

ऑस्करवरून आठवलं. कॅनडातल्या काळ्या माशीवरच्या एका जुन्या गाण्यावर फिल्म बोर्डाने 1991 मध्ये 'ब्लॅकफ्लाय' नावाचा अॅनिमेशनपट केला, त्यालाही नामांकन होतं. मे-जूनमध्ये ही माशी केसांच्या कडेला, कानामागे, मनगटावर बसून रक्त काढते. आम्ही सप्टेंबरात गेलो म्हणून वाचलो. एकांताच्या चित्रफितींत ती सहसा नसते. लाकूडतोडीचे रस्तेही नसतात, खरं तर या उद्यानाच्या मोठ्या भागात आजही लाकूडतोड चालते. आणि ज्या वाटांवर आपण निर्मनुष्य रान म्हणून कॅमेरा रोखतो, त्यातल्या कितीतरी वाटा ज्यांच्या नावावरून उद्यानाला नाव मिळालं त्या अल्गाँक्विन लोकांच्या पायांनी पडल्या आहेत. त्यांनी भूर्जाच्या सालीच्या कनू याच वाटांनी नेल्या. चौकटीच्या बाहेर बरंच काही ठेवावं लागतं, तेव्हा कुठे आत कोणी नसतं.

स्वयंपाक माझ्याकडे होता. रानातल्या मुक्कामांवर डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे, त्यामुळे लोणचं प्लास्टिकच्या डबीत आलं. कुळथाचं पीठ मात्र असल्या सहलींसाठीच जन्माला आलं असावं. कोरडं, हलकं, पाणी उकळलं की काम झालं. फोडणीला हिंग टाकला तेव्हा भाचा दचकला. वास येणारं सगळं रात्री पोत्यात भरून झाडाला टांगायचं असतं, जमिनीपासून चारेक मीटर उंच आणि खोडापासून लांब, म्हणजे अस्वलाच्या हाती लागत नाही. हिंगाची डबी टांगली, मेतकूट टांगलं, माझी केसांची खोबरेल तेलाची बाटलीही टांगली. दोर फांदीवरून जाईपर्यंत अंधार पडला. याचं चित्रीकरण झालं नाही, कारण दोराला बांधलेला दगड दर वेळी आमच्याकडेच परत येत होता.

रात्री थंडी पडते आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते. म्हणून भाचा सगळ्या बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घेऊन झोपतो. मध्यरात्री तळ्यावर लून ओरडला. कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर 1987 पासून आहे तो हाच पक्षी. त्याची हाक अशी वेळावत येते की अंगावर काटा उभा राहतो. भाचा धडपडत उठला, मायक्रोफोन तंबूबाहेर काढला आणि कुजबुजला, "मावशी, श्वास हळू घे." त्या ध्वनिमुद्रणात लूनबरोबर आणखी एक सूर आहे आणि तो माझ्या घोरण्याचा आहे, असं त्याचं म्हणणं. मी ते मान्य केलेलं नाही.

एवढी थट्टा केली तरी एका बाबतीत मी कॅमेऱ्याच्या बाजूची आहे. पोर्टेजवर कनू डोक्यावर असली की माणूस तिच्या पोटात असतो. लाकडी जू खांद्यावर, नजरेपुढे होडीचा तळ, आणि खाली दिसलाच तर आपला बूट आणि हातभर वाट. ज्या रानासाठी एवढं यायचं ते या खेपेला दिसतच नाही. पिशव्यांच्या खेपेला मान खाली. रान दिसतं ते फक्त मागे फिरताना, हात रिकामे असताना. तेव्हा कळतं की मघाशी ज्याला ठेचकाळलो ते मूळ पिवळ्या बर्चचं होतं, आणि डावीकडे बीव्हरने दातांनी तासलेलं एक खोड पडलंय, भुसा अजून ओला आहे. सामान कमी असलेले हुशार लोक एकाच खेपेत पार होतात, त्यांच्या वाट्याला ही चाल येत नाही. चित्रीकरण करणाऱ्याला ती सारखी मिळते, कारण त्याला सारखं मागे यावं लागतं. माझ्या मते त्याची खरी कमाई हीच, आणि नेमकी ती चित्रफितीत नसते.

एकदा ती आली होती. एका जुन्या सहलीत भाच्याकडून कॅमेऱ्याचं बटण एकदा जास्त दाबलं गेलं. त्यामुळे जेव्हा तो चालू असायला हवा तेव्हा बंद आणि बंद असायला हवा तेव्हा चालू, असं अर्धा दिवस झालं. त्यात कनू एकदाही नाही. आहे तो कॅमेरा न्यायला येणारा मुलगा. मध्येच थांबतो, खाली बसून ब्लूबेरी तोडतो, तोंडात टाकतो, कुठलंतरी मराठी बालगीत चुकीच्या चालीत म्हणतो, आणि लेन्सकडे येताना चेहरा इतका मोकळा की पाहत राहावं. मला त्याने ते फक्त एकदा दाखवलं आणि मग जागा हवी म्हणून पुसून टाकलं.

आमच्या सहलीची चित्रफीत तयार झाली तेव्हा मिसिसागाच्या घरी जेवणाच्या टेबलावर आम्ही ती पाहिली. मी ज्या खडकामागे होते तो फार सुंदर आला आहे. मी मधेच "अरे, टोपी घाल" म्हणाले होते, त्यावर त्याने गिटार टाकली. शेवटी नावं आली: छायाचित्रण, ध्वनी, संकलन, सगळं तो. मी म्हटलं, "माझं नाव कुठेय रे?"

"मावशी, तुझं नाव टाकलं तर सोलो ट्रिप कशी राहील?"

बहीण पोळ्या करता करता मान वळवून बघत होती. ती म्हणाली, "ते तंबूचं पुन्हा लाव बघू. तू एकटाच होतास ना? मग मागे दोरीवर मी हिला दिलेली ओढणी कशी वाळतेय?"