मेंबर जेवत नाही

काकूंच्या खाणावळीत सगळं मिळतं, आग्रह मिळत नाही. दोन भाज्या, आमटी, भात, घडीच्या पोळ्या, रविवारी दुपारी फीस्ट, आणि फीस्ट झाली म्हणून रविवारी संध्याकाळी बंद. पण ‘अजून एक पोळी घे ना रे’ किंवा ‘आज काहीच जेवला नाहीस’ ही वाक्यं नारायण पेठेतल्या त्या तळमजल्यावर कधी कुणी ऐकलेली नाहीत. काकूंचं म्हणणं एवढंच, की भूक ज्याची त्याने आणायची, स्वयंपाक तेवढा आमच्याकडे.

भिंतीवर तीन पाट्या आहेत. पहिली : ‘ताटात टाकू नये. टाकल्यास संध्याकाळी तेच वाढले जाईल.’ दुसरी : ‘खाडा आदल्या दिवशी सांगावा. सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जाणार नाही.’ तिसरी : ‘रात्री साडेनऊला ताटे उचलली जातील.’ ही तिसरी पाटी केवळ भीती घालण्यासाठी असावी, असं समजणारा एखादा नवा मेंबर दरवर्षी निघतो. नऊ पंचविसाला येतो, मोबाइल भांड्याला टेकवून ठेवतो, निवांत भात कालवतो. साडेनऊला ताट जातं. भात ताटाबरोबर जातो. उरलेली अर्धी पोळी हातात धरून तो मुलगा उभ्या उभ्या खातो आणि दुसऱ्या दिवशी पावणेआठला हजर होतो.

मेंबर बहुतेक एमपीएससीवाले. लातूर, नांदेड, जळगाव, बुलढाणा. घरी आईने चार वेळा विनवलं तरी दोडक्याला शिवत नसत, तीच मुलं इथे दोडका पुसून खातात. कुणी कुरकुरलंच तर काकू ‘भुकेला कोंडा नि निजेला धोंडा’ एवढं म्हणून तव्यावरची पोळी उलटतात. शिवाय काकूंची नजर. मुलगा पाटावर बसून पहिला घास कसा मोडतो ते पाहून त्या सांगतात, “वडापाव खाऊन आलायस. भात वाढत नाही तुला.” अंदाज चुकल्याचं कुणाला आठवत नाही.

अशा घरात गेल्या पावसाळ्यात जिन्याखाली एक गावठी पिल्लू येऊन बसलं. पिवळट अंग, एक कान उभा, एक पडलेला. काकूंनी त्याला हाकललं नाही आणि जवळही घेतलं नाही. उरलेला भात नि ताक एका जर्मनच्या थाळीत ओतून त्याच्यापुढे सरकवलं. पिल्लाने थाळी अशी साफ केली की घासायचं काम उरलं नाही. काकू प्रसन्न झाल्या. मुलांना म्हणाल्या, “याच्याकडून शिका.” मुलांनी त्याचं नाव मेंबर ठेवलं. पुढे इंजेक्शनं झाली, गळ्यात पट्टा आला, आणि मेंबरचा मुक्काम जिन्याखालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर गेला.

दिवाळीच्या सुमारास, पाचेक महिन्यांचा असताना, मेंबरने पहिला खाडा केला. अर्थातच आदल्या दिवशी न सांगता.

तो सोहळा मी जवळून पाहिला आहे. थाळी पुढे आली की मेंबर शेपूट हलवत यायचा. नाक थाळीच्या काठावरून एकदा गोल फिरायचं. मग तो दोन पावलं मागे जाऊन बसायचा आणि पाहायचा, थाळीकडे नव्हे, गॅसच्या ओट्याकडे. म्हणजे, हे ठीक आहे, पण पुढे काय आहे? थोड्या वेळाने उठून थाळीच्या बाजूची फरशी तो नाकाने लोटायला लागायचा. फरशीवर काही नसायचं. तरी इकडून, तिकडून, जणू माती ओढून थाळीवर घालतोय असं मन लावून. काकूंनी त्याचा अर्थ एकच लावला : “माझ्या अन्नावर माती टाकतोय मेला!”

तीस वर्षांत काकूंच्या हातच्या जेवणाचा इतका उघड अपमान झाला नव्हता. पहिल्या पाटीप्रमाणे तेच संध्याकाळी वाढायचं. काकूंनी तसं केलं नाही. त्यांनी पोळीवर तूप घातलं.

पंढरपूरकडचा एक मेंबर जेवत होता. त्याने सगळ्यांना नामदेवांची गोष्ट सांगितली. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, देवा, कोरडी खाऊ नका म्हणून. काकू भांड्यांच्या आवाजातून म्हणाल्या, “नामदेवांच्या कुत्र्याने निदान पोळी पळवली तरी होती.”

तुपाची पोळी दोन दिवस चालली. मग मेंबर पुन्हा ओट्याकडे पाहू लागला. मग दूध-पोळी. मग दही-भात. मग एका सकाळी मागच्या अंगणात जुनी शेगडी पेटली, तिच्यावर वेगळं पातेलं चढलं, आणि ज्या घरात अंडं हा शब्दही हळू आवाजात उच्चारत, तिथे एक अंडं उकडलं गेलं. पातेलं घरात येणार नाही, चमचा घरात येणार नाही, काकूंची साडी मात्र बदलून घरात येईल, असा करार काकूंनी स्वतःशीच केला. अंडं तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी नांदेडच्या मुलाला बाजूला घेऊन काकूंनी पन्नासची नोट दिली आणि इकडेतिकडे पाहून विचारलं, “ते… कोंबडीची कलेजी म्हणतात ती सुटी मिळते का रे?”

शेवटी काकू पाटावर बसल्या आणि भरवू लागल्या. चिऊचा एक, काऊचा एक. मेंबर मान फिरवायचा, काकूंचा हात मानेबरोबर फिरायचा. “एवढा एकच. बघ, शहाणा ना?” पंगतीतली मुलं घास हातात धरून बघत राहिली. बुलढाण्याच्या एकाने धीर करून म्हटलं, “काकू, मला पण दोडका भरवा ना.” काकूंनी वर पाहिलं. त्याने दोडका स्वतःच खाल्ला.

जेवणानंतर जिन्यावर या विषयाची पूर्वपरीक्षा झाली. मेंबर न जेवण्याचे कारण : अ) आजार, ब) लाड, क) दृष्ट, ड) वरीलपैकी सर्व. ‘ड’ला बहुमत मिळालं. मानसशास्त्र झालेला एक जण म्हणाला, पाव्हलॉव्ह आठवा. रशियातला. १९०४चं नोबेल त्याला पचनाच्या अभ्यासासाठी मिळालं. अन्नाच्या आधी ठरावीक खूण केली की कुत्र्याला नुसत्या खुणेनेच लाळ सुटते, हे त्याने दाखवलं. इथे मेंबरने मान फिरवली की काकूंचा हात फ्रिजकडे जातो. तेव्हा प्रयोग चालू आहे हे नक्की, फक्त प्रयोगशाळा मेंबरची आहे.

हे काकूंच्या कानावर गेलं की नाही कळलं नाही. पण रविवारच्या फीस्टचा शिरासुद्धा मेंबरने हुंगून सोडला, तेव्हा काकूंनी त्याला रिक्षात घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. मला सोबत घेतलं, कारण रिक्षावाल्याशी कुत्र्याबद्दल वाद घालायला पुरुष माणूस लागतो, अशी त्यांची समजूत. वाद त्यांनीच घातला.

डॉक्टर म्हणजे पंचविशी-तिशीतली मुलगी होती. तिने मेंबरला काट्यावर ठेवलं, थर्मामीटर लावलं, पोट चाचपलं, बरगड्यांवरून हात फिरवला. “बरगड्या हाताला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. उत्तम आहे तब्येत.” मग ओठ वर करून दात दाखवले. हिरडी लालसर झाली होती आणि दुधाच्या सुळ्याला खेटून नवा सुळा वर येत होता.

“अठ्ठावीस दुधाचे पडतात, बेचाळीस पक्के येतात. चौथ्या ते सातव्या महिन्यापर्यंत हेच चालतं. हिरड्या दुखतात, कडक नकोसं वाटतं. आणि वाढीचा पहिला जोर आता ओसरलाय. दोन महिन्यांचा असताना जेवढं लागायचं, तेवढं वजनाच्या हिशेबाने आता लागत नाही. भूक कमी झालीय, आजी. बिघडलेली नाही.”

“मग अन्नावर माती का टाकतो?”

“उरलेलं पुरून ठेवतोय तो. पोट भरलंय, नंतर खाईन, कुणी नेऊ नये म्हणून. कुत्र्यांची पिढीजात सवय आहे.”

काकू गप्प झाल्या. इतके दिवस ज्याला त्या अपमान समजत होत्या, ती साठवण निघाली. डॉक्टर पुढे सांगत होती : जेवण जरा कोमट करून द्या, वास सुटला की येईल. कुत्र्याला जिभेपेक्षा नाकाचं जेवण जास्त. माणसाच्या जिभेवर चवीच्या कळ्या नऊएक हजार असतात, कुत्र्याच्या सतराशेच्या आसपास.

“म्हणजे चव कळत नाही आणि नखरे एवढे!” काकू म्हणाल्या.

शिऱ्याचं ऐकून मात्र डॉक्टर गंभीर झाली. बेदाणे, द्राक्षं अजिबात नकोत, मूत्रपिंडांवर येतं. नाही खाल्ला ते बरं झालं. चॉकलेट नको. कांदा-लसूणही नको.

“कांदा-लसूण वर्ज्य? म्हणजे चातुर्मासच की. बारमाही.”

“अंडं, चिकन चालेल. चालेल काय, हवंच, नुसत्या भात-पोळीवर पिल्लू पोसत नाही. पण नाही जेवला म्हणून बक्षीस द्यायचं नाही. रोजच्या जेवणातच मिसळायचं. थाळी ठेवायची, वीस मिनिटं थांबायचं. खाल्लं तर खाल्लं, नाहीतर उचलायची. पुढच्या वेळेपर्यंत काही नाही. आग्रह नाही, भरवणं नाही. उलट्या-जुलाब झाले, मलूल पडला, पाणीही प्यायला नाही, तर मात्र वाट न बघता लगेच आणायचं. या वयाच्या पिल्लांत ते अंगावर काढून चालत नाही.”

मी काकूंकडे पाहिलं. वेळ झाली की ताट उचलायचं, हे तंत्र त्यांना तीनशे रुपये फी घेऊन शिकवलं जात होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “वीस मिनिटं जास्त होतात.”

निघताना डॉक्टरने विचारलं, “दिवसभरात बाहेर कोण काय देतं ह्याला?”

“कोण देणार? कुणी नाही.”

तरी घरी आल्यावर काकूंनी खाड्यांची वही काढली आणि मागच्या पानावर मेंबरच्या नावाने खातं उघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात खुर्ची टाकून बसल्या. संध्याकाळपर्यंत पान भरलं. वॉचमन : चपाती, चहात बुडवून. पानवाला : ग्लुकोज बिस्किटं, अर्धा पुडा. इस्त्रीवाला : डब्यातला चतकोर पराठा. वरच्या मजल्यावरच्या आजी : साय. शिकवणीची मुलं : वेफर्स. खुद्द काकूंचेच मेंबर : खारी, टोस्ट, एक क्रीमरोल. प्रत्येकाला विचारलं तर उत्तर एकच, “एकच तर दिलं.” ती सगळी एकेकं मिळून मेंबरचा दिवस निघत होता. खाऊ म्हणून वरचं द्यायचं ते दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये, असं डॉक्टरने बजावलं होतं. इथे दहावा हिस्सा राहिला होता तो काकूंच्या थाळीचा.

काकूंना खरं लागलं ते हेच. पहिल्या घासावरून वडापाव ओळखणारी बाई, आणि घरातला मेंबर रोज क्रीमरोल खाऊन पंगतीला बसतो ते ओळखता आलं नाही. त्यांनी वही मिटली. खडू घेतला. भिंतीवर चौथी पाटी लागली : ‘मेंबरास बाहेरील खाद्य देऊ नये. दिल्यास त्या दिवसाचे त्याचे जेवण देणाऱ्याच्या खात्यावर धरले जाईल.’

त्या रात्री थाळी ठेवली गेली. कोमट भात, अंडं, दोन चमचे पातळ ताक. मेंबरने काठावरून नाक फिरवलं, दोन पावलं मागे गेला, ओट्याकडे पाहिलं. काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. फरशी लोटून झाली. पंगतीतली मुलं आपलं जेवायचं विसरून घड्याळाकडे बघत होती. पंधराव्या मिनिटाला थाळी उचलली गेली. “काकू, अजून पाच मिनिटं आहेत,” जळगावचा मुलगा कळवळून म्हणाला. “डॉक्टरची असतील,” काकू म्हणाल्या, आणि त्याचंही ताट उचललं, कारण साडेनऊ झाले होते.

पेठेत दोन दिवस चर्चा झाली. मुक्या जिवाला उपाशी ठेवतात म्हणून वरच्या आजींनी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी मेंबर थाळी ठेवण्यापूर्वीच येऊन बसला आणि जेवला. चाटून, पुसून, थाळी ढकलत उंबऱ्यापर्यंत नेऊन. मुलांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी वहीत त्याच्या नावापुढे ‘हजर’ लिहिलं.

एकट्या इस्त्रीवाल्याला ते पटलं नाही. परवा तो कपडे द्यायला आला तेव्हा मेंबर त्याच्या पायाशी लोळण घेत होता. बिचारा दारातूनच म्हणाला, “काकू, एकच बिस्कूट. लहान आहे हो अजून. माझा जीव तुटतो.”

“जीव तुटतो ना?” काकूंनी वही उघडली. “मग महिन्याचा डबा लाव त्याचा. ॲडव्हान्स आधी. आणि तो जेवला नाही तर खाडा धरणार नाही, आधीच सांगून ठेवते.”